सांडपाण्यातील धन

वैशाखातील दुपार असावी. तापीच्या खोऱ्यावर आकाशातून जणू आग पाखडली जात असते. जळगाव, भुसावळ, धुळे या गावी उन्हाचा पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जातो. एखाद्या वर्षी पंचेचाळीसही ओलांडतो. रस्ते ओस पडतात. नद्यांच्या पात्रांत पाण्याऐवजी पांढरी वाळू तळपत असते. अशा दिवसांत नळाला पाणी केव्हा येईल इकडे घरोघरी डोळे लागलेले असतात. हंडे, कळशा, बादल्या रांगेने मांडलेल्या असतात.

आणि त्याच वेळी, त्याच घरांच्या मागच्या बाजूने, न्हाणीचे, भांड्यांचे, धुण्याचे आणि शौचकूपाचे पाणी गटारातून संथपणे वाहत जात असते. त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पाहिले तर नाकाला पदर लावूनच. पुढच्या दारी पाण्यावाचून खोळंबा आणि मागच्या दारी पाणी वाया! 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण याहून अधिक चपखलपणे कोठे लागू पडेल?

हे वाया जाणारे पाणी थोडेथोडके नसते. शहरात घराला जेवढे पाणी पुरवले जाते, त्यातील शंभरापैकी सुमारे ऐंशी भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतात, असे अभियंते धरून चालतात. प्यायला, स्वयंपाकाला लागणारे पाणी अगदी अल्प. बाकीचे सारे केवळ धुण्याच्या, न्हाण्याच्या आणि वाहून नेण्याच्या कामी येते. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार आणि धुळे शहराची सुमारे ३ लाख ७५ हजार होती. दर माणशी दररोज १०० लिटर सांडपाणी धरले, तर या दोन शहरांतून मिळून दिवसाला सव्वाआठ कोटी लिटरांहून अधिक पाणी बाहेर पडेल. ही एक लहानशी नदीच होय. आणि ती उन्हाळ्यातही आटत नाही.

मग हे पाणी टाकाऊ का ठरते? त्यात असते तरी काय? सांडपाण्याचे पृथक्करण केले, तर एक आश्चर्यकारक गोष्ट आढळते. त्याच्या हजार भागांपैकी सुमारे ९९९ भाग निव्वळ पाणीच असते. घाण म्हणून ज्याला आपण नाक मुरडतो, तो सारा एका भागाचा खेळ! त्या एका भागात मल, मूत्र, अन्नाचे कण, तेल, साबण, माती, क्षार आणि असंख्य सूक्ष्म जंतू असतात. एका भागासाठी ९९९ भाग फेकून देणे हे, खडा निघाला म्हणून पोतेभर ज्वारी उकिरड्यावर ओतण्यासारखेच आहे. शिवाय तो एक भाग तरी निरुपयोगी असतो काय? त्यात नत्र, स्फुरद आणि पालाश ही पिकांची तीन मुख्य अन्नद्रव्ये असतात. आपल्या पूर्वजांना याची जाण होती. मानवी मलापासून तयार होणाऱ्या खताला मराठी भाषेने 'सोनखत' असे नाव दिले आहे. ज्या वस्तूचा उच्चारही शिष्टसंमत नाही, तिला सोन्याची उपमा देणाऱ्या शेतकऱ्याची दृष्टी किती डोळस असली पाहिजे!

जुन्या घरांची रचना आठवावी. घराच्या मागे परसू असे. न्हाणीचे पाणी चरातून परसात जाई, आणि त्या चराच्या तोंडाशी एखादी केळ, अळूचा वाफा किंवा कर्दळीचा ताटवा हमखास असे. पाणी मातीतून झिरपे. मातीतील जंतू त्यातील घाण खाऊन टाकीत. केळीची मुळे उरलेले सत्त्व शोषून घेत. घरचे सांडपाणी घरच्या परसातच जिरे आणि त्याच्या मोबदल्यात केळीचा घड मिळे. ही योजना कोणत्याही ग्रंथात वाचून केलेली नव्हती; अनुभवाने शिकलेली होती.

परंतु गावांची शहरे झाली. घरे एकमेकांना चिकटली, परसू नाहीसे झाले, आणि लाखो माणसांचे सांडपाणी एकत्र येऊन नाल्यांवाटे नदीकडे धावू लागले. नदीला स्वतःला स्वच्छ करण्याची शक्ती असते, हे खरे. नदीच्या पाण्यात हवेतील प्राणवायू विरघळलेला असतो. त्याच्या आधारावर पाण्यातील सूक्ष्म जंतू घाण खाऊन तिचे निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करतात. थोडी घाण आली, तर काही अंतर गेल्यावर पाणी पुन्हा निर्मळ होते. पण घाण प्रमाणाबाहेर आली, म्हणजे ती खाताना जंतू पाण्यातील प्राणवायू संपवून टाकतात. मग मासे गुदमरून मरतात, पाणी काळे पडते, त्याला कुजका वास येऊ लागतो. एका बैलाच्या गाडीवर दहा बैलांचे ओझे लादले, तर तो बैल बसेल नाही तर काय होईल? नदीचेही तसेच होते. आणि ज्या नदीला उन्हाळ्यात मुळात धारच नसते, तिची अवस्था तर याहून बिकट.

नदी बिघडली, की त्याचे फळ माणसाला भोगावे लागते. पटकी, विषमज्वर, कावीळ, हगवण हे रोग दूषित पाण्यावाटे पसरतात. १८५४ मध्ये लंडन शहरात पटकीची भयंकर साथ आली. त्या काळी हा रोग दुर्गंधीमुळे होतो, अशी समजूत होती. जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने कोणत्या घरी किती माणसे दगावली याची कसून नोंद केली आणि ब्रॉड स्ट्रीट या रस्त्यावरील एका पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवले. त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. पुढे असे आढळून आले, की शेजारच्या एका मैलाकुंडातील घाण त्या विहिरीत झिरपत होती. चार वर्षांनी, १८५८ च्या उन्हाळ्यात, थेम्स नदीला अशी दुर्गंधी सुटली, की नदीकाठच्या संसदगृहात बसणे अशक्य झाले. तेव्हा जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने विस्तीर्ण भुयारी गटारे बांधून शहराची घाण दूर खाली नेऊन सोडली. लंडनचे संकट टळले. पण घाण नाहीशी झाली होती काय? ती केवळ दुसरीकडे गेली होती. कचरा आपल्या अंगणातून शेजाऱ्याच्या अंगणात लोटणे याला स्वच्छता म्हणता येत नाही.

खानदेशातील नद्यांचा नकाशा पाहिला, तर हा मुद्दा मनावर चांगला ठसतो. तापी मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावते. बऱ्हाणपूरवरून ती जळगाव जिल्ह्यात येते. पुढे धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून वाट काढीत सुरतेजवळ समुद्राला मिळते. वाटेत वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्या तिला येऊन मिळतात. बऱ्हाणपूरने टाकलेले पाणी खानदेशाकडे येते, खानदेशाने टाकलेले सुरतेकडे जाते. नदीकाठचे प्रत्येक गाव कोणाच्या तरी खालच्या अंगाला असते आणि कोणाच्या तरी वरच्या अंगाला. वरच्याने आपल्याशी जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसेच आपण खालच्याशी वागले पाहिजे. सांडपाण्याच्या शुद्धीकरणामागचा नीतिविचार एवढाच आहे.

आता शुद्धीकरणाची रीत पाहू. नदी जे काम अनेक मैलांच्या प्रवासात सावकाश करते, तेच काम शुद्धीकरण केंद्रात थोड्या जागेत आणि थोड्या तासांत करून घेतले जाते. भुयारी गटारांतून आलेले पाणी प्रथम लोखंडी गजांच्या जाळ्यांतून सोडतात. चिंध्या, काटक्या, पिशव्या तेथे अडकतात. नंतर ते एका कुंडातून जाते. तेथे पाण्याचा वेग कमी केलेला असतो, त्यामुळे वाळू आणि खडे तळाशी बसतात. त्यापुढे मोठी निवळण टाकी येते. गढूळ पाणी घागरीत स्थिर ठेवले, की गाळ तळाशी बसतो आणि वर नितळ पाणी राहते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. निवळण टाकीत तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर चालतो.

एवढ्याने पाणी दिसायला बरे होते, पण शुद्ध होत नाही. कारण बरीचशी घाण त्यात विरघळलेली असते. ती काढण्यासाठी जंतूंनाच कामाला लावावे लागते. १९१४ मध्ये इंग्लंडातील मँचेस्टर शहरी एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघा शास्त्रज्ञांनी एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. सांडपाण्यात हवा फुंकत राहिले, म्हणजे त्यात जंतूंचे पुंजके वाढतात आणि घाण खाऊ लागतात. शुद्ध झालेले पाणी काढून घेतल्यावर तळाशी बसलेला हा जिवंत गाळ फेकून न देता नव्या सांडपाण्यात मिसळला, तर शुद्धीकरण कितीतरी लवकर होते. दह्यासाठी घरात विरजण राखून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार! आजही जगातील असंख्य शहरांचे सांडपाणी या 'विरजणा'च्या साहाय्याने शुद्ध केले जाते. हवा दिलेले पाणी दुसऱ्या निवळण टाकीत जाते. जंतूंचे पुंजके खाली बसतात. वरचे पाणी काढून घेऊन त्यात क्लोरीन मिसळतात किंवा ते अतिनील किरणांखालून नेतात. अशा रीतीने रोगजंतूंचा नाश झाला, म्हणजे ते पाणी शेती, बागा आणि कारखाने यांच्या उपयोगी पडू शकते.

पण या पद्धतीत एक अडचण आहे. हवा फुंकण्याला वीज लागते. केंद्रात खर्च होणाऱ्या विजेपैकी निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा या एकाच कामाचा असतो. ही वीज आणायची कोठून? गंमत अशी, की तिचे उत्तर त्या घाणीतच दडलेले आहे.

१७७६ मध्ये अलेस्सान्द्रो व्होल्टा हा इटालियन शास्त्रज्ञ मॅजोरे सरोवराच्या काठच्या दलदलीत काठीने चिखल ढवळीत होता. चिखलातून बुडबुडे वर येत. ते त्याने भांड्यात धरले आणि त्यांना ज्योत दाखवली. तो वायू निळसर ज्योतीने जळू लागला. हाच मिथेन वायू होय. जेथे हवेचा शिरकाव नसतो, तेथे पालापाचोळा, शेण, मल असे पदार्थ कुजताना विशिष्ट जातींचे जंतू हा वायू तयार करतात. आधी एका प्रकारचे जंतू मोठ्या पदार्थांचे तुकडे पाडतात. दुसरे त्यांची आम्ले बनवतात. आणि अखेरचे त्यांचे मिथेनमध्ये रूपांतर करतात. एकाने दळावे, दुसऱ्याने मळावे, तिसऱ्याने भाजावे, तशी ही कामाची वाटणी असते. हवा मिळाली, तर मात्र हे अखेरचे जंतू काम करीत नाहीत; म्हणूनच त्यांच्यासाठी बंद टाकी लागते. शुद्धीकरण केंद्रात निवळण टाक्यांच्या तळाशी बसलेला गाळ अशाच बंद टाकीत कुजवतात. तिला पाचक टाकी म्हणतात. तेथे निर्माण होणाऱ्या वायूत निम्म्याहून अधिक मिथेन असतो; बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. हा वायू शुद्ध करून त्यावर यंत्र चालवले, की वीज निर्माण होते आणि तीच हवा फुंकण्याच्या कामी येते. गाळ आपल्याच शक्तीने पाणी शुद्ध करतो, असे म्हटले तरी चालेल.

या विद्येशी महाराष्ट्राचा परिचय फार जुना आहे. मुंबईत माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्येच मैल्यापासून वायू मिळवून त्यावर दिवे लावण्याचा प्रयोग करण्यात आला. ज्यांना समाजाने दूर लोटले, त्यांच्या वस्तीत, ज्या पदार्थाला समाज शिवत नाही, त्यापासून उजेड पडला, ही घटना विचार करण्याजोगी आहे. पुढे १९३९ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून वायू मिळवण्याचे प्रयोग केले. १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टोपणाचे गोबरवायू संयंत्र तयार केले, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा खेडोपाडी प्रसार केला. विटांची विहिरीसारखी टाकी, तिच्यावर उपडे घातलेले टोपण. वायू साठला की टोपण वर उचलले जाते, वापरला की खाली बसते. चार-पाच गुरांच्या शेणावर एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो. चुलीच्या धुराने डोळे चोळणाऱ्या गृहिणीची त्या त्रासातून सुटका होते. शिवाय शेण कोठे जात नाही. टाकीतून बाहेर पडणारा रबडा हे उत्तम खत असते. शेणाच्या गोवऱ्या जाळल्या, तर जळण मिळते पण खत जाते. येथे जळणही मिळते आणि खतही उरते.

माणसाच्या मलापासून दर माणशी दिवसाला सुमारे एक घनफूट वायू मिळतो. म्हणजे पस्तीस माणसांमागे एक घनमीटर. एक घनमीटर वायूपासून सुमारे दीड ते दोन युनिट वीज तयार होऊ शकते. एका घराचा विचार केला तर हे प्रमाण नगण्य वाटेल. पण लाखो लोकांच्या शहराचा विचार केला, की थेंबे थेंबे तळे साचते. आणि येथे खानदेशाच्या उन्हाची एक नवी बाजू दिसून येते. मिथेन निर्माण करणाऱ्या जंतूंना पस्तीस अंशांच्या आसपासची ऊब मानवते. थंड देशांत पाचक टाक्या जळण खर्चून उबदार ठेवाव्या लागतात. तापीच्या खोऱ्यात सूर्यच वर्षाचा बराच काळ ती ऊब फुकट देतो. ज्या उन्हाला आपण नावे ठेवतो, तेच येथे मदतीला येते!

जळगावच्या परिसरात याचे एक उदाहरण प्रत्यक्ष पाहावयास मिळते. वाकोद या खेड्यात जन्मलेले उद्योजक भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांच्या उद्योगसमूहाचे जळगावजवळ फळे आणि कांदे यांवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. आंब्याचा गर काढला, की कोयी आणि साली उरतात; कांदा सुकवताना पाती आणि चोथा उरतो. हे सारे पदार्थ उकिरड्यावर टाकले असते, तर माशा आणि दुर्गंधी यांशिवाय दुसरे काही मिळाले नसते. तेथे ते बंद टाक्यांत कुजवून त्यांपासून वायू आणि वायूपासून वीज तयार केली जाते. या वीजकेंद्राची क्षमता दीड मेगावॅटहून अधिक आहे. उरलेला चोथा खत म्हणून पुन्हा मातीत जातो.

शुद्ध केलेल्या पाण्याचा उपयोग कसा होतो, हे पाहण्यासाठी मात्र विदर्भात नागपूरला जावे लागेल. नागपूरजवळ कोराडी येथे कोळशावर चालणारे मोठे वीजकेंद्र आहे. अशा केंद्रात यंत्रे थंड ठेवण्यासाठी अतोनात पाणी लागते. पूर्वी यासाठी धरणाचे पाणी वापरीत. आता नागपूर शहराचे सांडपाणी भांडेवाडी येथे शुद्ध करून कोराडीला नेले जाते. या कामासाठी प्रथम उभारलेल्या केंद्राची क्षमता दररोज १३ कोटी लिटर आहे. जे काम सांडपाण्यावर भागते, त्यासाठी पिण्याजोगे पाणी का खर्चावे? धरणातील तेवढे पाणी माणसांसाठी वाचते. भुसावळजवळ दीपनगर येथेही तापीच्या पाण्यावर चालणारे वीजकेंद्र आहे. नागपूरचा धडा खानदेशाच्या किती उपयोगी पडेल, हे यावरून सहज ध्यानात येईल.

शेतीचा हिशेबही करून पाहावा. जळगाव जिल्ह्याची केळी देशभर प्रसिद्ध आहे. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत कोसच्या कोस केळीचे मळे पसरलेले आहेत. ऐन उन्हाळ्यात केळीच्या एका झाडाला ठिबकने दररोज सुमारे २० लिटर पाणी द्यावे लागते. एका हेक्टरात साडेचार हजारांच्या आसपास झाडे असतात; म्हणजे हेक्टरी दिवसाला सुमारे ९० हजार लिटर. जळगाव आणि धुळे यांचे वर सांगितलेले सव्वाआठ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध होऊन शेतात पोचले, तर सुमारे नऊशे हेक्टर केळी उन्हाळाभर तगू शकेल. परसातील एका केळीची गोष्ट येथे नऊशे हेक्टरांची होते!

एकदा वापरलेले पाणी पुन्हा वापरणे ही कल्पना खानदेशाला नवी नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा आणि इतर नद्यांवर शेकडो वर्षांपासून फडपद्धती चालत आली आहे. नदीवर दगडी बंधारा घालून पाणी पाटाने शेतांकडे वळवतात. गावाची जमीन फडांत विभागलेली असते आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे, हे शेतकरी एकमताने ठरवतात. पाटकरी सर्वांना पाळीपाळीने पाणी देतो. पाटातील जास्तीचे पाणी सांडव्यावाटे पुन्हा नदीत जाते आणि खालच्या अंगाचा बंधारा ते उचलून घेतो. एकच पाणी एका गावाचे काम करून दुसऱ्या गावाच्या सेवेला हजर होते. याच पांझरेच्या परिसरात १८८४ च्या सुमारास मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या या तरुण अभियंत्याने पाटाचे पाणी नळावाटे पलीकडे नेण्याचे अवघड काम पुरे केले. नोकरीचा आरंभ खानदेशात केलेल्या या पुरुषानेच पुढे, १९०८ च्या महापुरानंतर, हैदराबाद शहराची भुयारी गटारांची योजना आखली.

जगातील काही देश तर याही पुढे गेले आहेत. आफ्रिकेतील नामिबिया देशाची राजधानी विंडहूक वाळवंटी मुलखात वसली आहे. तेथे १९६८ पासून सांडपाणी अनेक पायऱ्यांनी शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळले जाते. सिंगापूरने २००३ पासून अतिसूक्ष्म पडद्यांतून गाळलेले असे पाणी प्रामुख्याने कारखान्यांना पुरवण्यास आरंभ केला. त्यातील थोडे जलाशयांतही सोडले जाते. आपल्याकडे लगेच पिण्यासाठी असे पाणी वापरावे असे नाही; परंतु योग्य शुद्धीकरणाने काय साधू शकते, याची कल्पना यावरून येते.

या विषयाला आणखी एक बाजू आहे आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. शहराची घाण काही आपोआप नाहीशी होत नाही. ती उचलणारे हात असतात. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या समाजाने हे काम काही विशिष्ट जातींच्या माथी मारले आणि वर त्यांनाच अस्पृश्य ठरवले. घाण करणारा शुद्ध आणि घाण काढणारा अशुद्ध, असा हा उलटा न्याय होता. हा कलंक धुऊन काढण्यासाठी अनेकांनी आयुष्य वेचले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे सर्वश्रुत आहे. तेच विनोबा पुढे पवनारजवळच्या सुरगाव या खेड्यात खांद्यावर फावडे घेऊन रोज ग्रामसफाईला जात. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी उच्चवर्णीय असूनही स्वतः भंगीकाम केले आणि कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्यापासून सोनखत करण्याचा मार्ग घालून दिला. माणसाकडून माणसाचा मैला हाताने उचलून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. तरीही गटारात वा मैलाटाकीत उतरलेले कामगार गुदमरून मरण पावल्याच्या वार्ता अजून येतात. जो वायू बंद टाकीत धरला तर दिवा लावतो, तोच आणि त्याच्या सोबतीचा विषारी हायड्रोजन सल्फाइड मोकाट गटारात साचला, तर माणसाचा जीव घेतो. घाणीची व्यवस्था यंत्राने आणि शास्त्राने करणे हा म्हणूनच केवळ पाण्याचा किंवा विजेचा प्रश्न नव्हे. तो माणुसकीचा प्रश्न आहे.

मग हे सर्व ठिकाणी का होत नाही, असे कोणीही विचारील. शुद्धीकरण केंद्र बांधण्यास मोठा खर्च येतो. पण केंद्र बांधून काम संपत नाही. प्रत्येक घर भुयारी गटाराला जोडावे लागते, यंत्रे रात्रंदिवस चालू ठेवावी लागतात, शिकलेली माणसे नेमावी लागतात. केंद्र आहे पण घरे जोडलेली नाहीत, यंत्रे आहेत पण बंद पडलेली आहेत, असे झाले तर नदीला काहीच लाभ होत नाही. दुसरे असे, की जंतू अन्नाचे कण खातात, पण रंग, खनिज तेल, किडनाशके यांपुढे त्यांचे काही चालत नाही. उलट तेच मरून जातात. म्हणून कारखान्यांनी आपले पाणी आपल्याच आवारात वेगळे शुद्ध केले पाहिजे. आणि न शोधलेले सांडपाणी सरळ भाजीच्या मळ्याला देणे तर धोक्याचेच. कारण त्यातील रोगजंतू भाजीबरोबर पुन्हा आपल्याच ताटात येतात.

केंद्र शासनाने २०१५ मध्ये शहरांचे पाणी आणि सांडपाणी यांसाठी 'अमृत' नावाची योजना सुरू केली आणि तिच्या यादीत जळगाव व धुळे या शहरांचाही समावेश झाला. नाव मोठे सूचक आहे. पुराणात देवदानवांनी समुद्र मंथला, तेव्हा आधी हलाहल वर आले आणि मागाहून अमृत. ते हलाहल कोणीतरी पचवावे लागले, तेव्हाच अमृत हाती आले. सांडपाण्याचेही तसेच आहे. त्यातील विष पचवण्याची व्यवस्था केली, तरच त्यातील अमृत लाभते.

शासन आणि नगरपालिका यांनी आपले काम केलेच पाहिजे. पण घरातील प्रत्येकाचाही त्यात वाटा आहे. मोरीत चिंध्या, प्लास्टिक, उरलेली औषधे, वापरलेले तेल न टाकणे हे अगदी लहान मुलालाही करता येईल. ज्या घराला अजून परसू आहे, तेथे न्हाणीच्या पाण्यावर एखादी केळ लावता येईल. शाळेच्या हात धुण्याच्या नळाखाली एक लहानसा चर काढून ते पाणी बागेत नेता येईल. गोष्ट लहान खरी. पण तीतून दृष्टी बदलते.

निसर्गात टाकाऊ असे काहीच नाही. झाडाचे गळलेले पान मातीला अन्न होते, मातीचे अन्न झाडाला पान देते. पाणीही समुद्रातून ढगात, ढगातून नदीत आणि नदीतून पुन्हा समुद्रात असे अखंड फिरत राहते. आज आपल्या कळशीत आलेले पाणी यापूर्वी किती जणांनी वापरले असेल, याची गणतीच नाही. ते आपल्यापर्यंत निर्मळ होऊन आले, हे निसर्गाचे आपल्यावरील ऋण होय. ते निर्मळ करून पुढच्या गावाच्या हाती देणे, हीच त्या ऋणाची फेड.

अभ्यास

१. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण या पाठात कोणत्या प्रसंगी वापरली आहे? ती तेथे कशी लागू पडते?
२. सांडपाणी शुद्ध करण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहा. त्यांपैकी कोणती पायरी विरजणासारखी आहे? का?
३. 'नदीकाठचे प्रत्येक गाव कोणाच्या तरी खालच्या अंगाला असते आणि कोणाच्या तरी वरच्या अंगाला.' या वाक्यातील विचार फडपद्धतीत कसा दिसून येतो?
४. गोवऱ्या जाळणे आणि गोबरवायू वापरणे यांत कोणता फरक आहे?
५. 'तो माणुसकीचा प्रश्न आहे,' असे कशाला उद्देशून म्हटले आहे? सविस्तर लिहा.
६. तुमच्या घरी एका दिवसात किती बादल्या सांडपाणी बाहेर पडते, याची नोंद करा. ते कोठे जाते, याचा माग काढून दहा ओळी लिहा.